घरचं फळांचं सिरप: ते कुठे बिघडतं आणि गॅस कधी बंद करायचा

तुमचे प्रश्न आधी एकत्र मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलांना सकाळी पॅनकेक आणि धिरड्यावर बाटलीतलं सिरप लागतं, ते बंद करून घरी करायचं ठरवलंत. जानेवारीत स्ट्रॉबेरीचं केलं तर रंग विटकरी झाला आणि काही दिवसांत बाटलीच्या तळाशी साखरेचे खडे बसले. त्याआधी उन्हाळ्यात करवंदाचं केलं होतं ते असं थिजलं की चमच्याने खणून काढावं लागलं. आणि आता द्राक्षं स्वस्त झालीत तर त्याचं करता येईल का, गूळ चालेल का, प्रिझर्वेटिव्ह घालायचं का आणि टिकतं किती दिवस, असं विचारलंय. मी नाशिकमध्येच घरगुती सरबतं, क्रश आणि सिरप करून विकते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे हातातलं जे आहे ते सगळं सांगते, जरा लांबेल.

रंग विटणं, खडे बसणं आणि थिजणं या तीन वेगळ्या तक्रारी वाटतात पण तिन्हीचं मूळ एकच, सिरप गॅसवर गरजेपेक्षा जास्त वेळ राहिलं. आपल्याकडे पाक करायची सवय हाताला असते, मग आपण ते दाट दिसेपर्यंत आटवत बसतो. पण सिरप उकळत असताना पाण्यासारखंच पातळ दिसतं, कितीही साखर असली तरी. ते दाट होतं गार झाल्यावर, तेही पूर्ण गार म्हणजे चार-पाच तासांनी. कढईत दाट दिसायला लागलं म्हणजे वेळ निघून गेली असं समजा. त्यामुळे गॅस कधी बंद करायचा हे डोळ्यांवर सोडू नका, त्यासाठी मोजमाप आहे आणि ते घरी सहज जमतं.

आकडा लक्षात ठेवायचा 65. म्हणजे 100 ग्रॅम सिरपमध्ये 65 ग्रॅम साखर, फळातली आणि वरून घातलेली मिळून. फळांच्या पदार्थांच्या नियमात सुद्धा तसंच आहे, स्क्वॅशला 40 टक्के, क्रशला 55 आणि सिरपला 65, आणि तिन्हीत फळाचा रस किमान 25 टक्के. आपल्या द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, बागेत 'शुगर किती आली' म्हणून जे ब्रिक्स मीटर लावून बघतात ते हेच मोजतं, फक्त त्यांचं मीटर बहुतेक 32 पर्यंतच असतं, सिरपला वरच्या रेंजचं, मधासाठी वापरतात ते लागतं. कॅनडातलं खरं मेपल सिरप पण 66-67 ला थांबवतात, झाडाचा साधारण 40 लिटर रस आटवून एक लिटर होतं, म्हणून ते एवढं महाग, आणि स्वस्तात जे पॅनकेक सिरप म्हणून मिळतं त्यात साखरेचा किंवा मक्याचा पाक, रंग आणि वास एवढंच असतं, लेबल वाचा म्हणजे कळेल. 65 च्या बरंच खाली राहिलं तर आंबतं, बुरशी धरते, आणि 67 च्या वर गेलं तर साखर पाण्यात मावत नाही, गारठ्यात खडे होऊन खाली बसते. तुमचं जानेवारीचं सिरप तसंच बसलं. निफाडकडे पारा घसरतो त्या आठवड्यात शहरातही बाटल्यांमध्ये खडे दिसायला लागतात, उन्हाळ्यात तेच सिरप ठीक राहिलं असतं.

आता मोजायचं कसं. थर्मामीटर असेल तर एक गोष्ट आधी करा जी रेसिपीत कुणी सांगत नाही. नुसतं पाणी उकळा आणि त्यात थर्मामीटर धरा. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटर उंच आहे, इथे पाणी 100 ला नाही, 98 च्या आसपास उकळतं. त्यामुळे व्हिडिओत बघून 104 किंवा 105 ला थांबलात तर तुमचं सिरप कधीच जेलीच्या पुढे गेलेलं असतं, कारण तो आकडा मुंबईसारख्या समुद्रकाठच्या गावाचा आहे. नियम असा, तुमच्या थर्मामीटरवर पाणी जिथे उकळलं त्याच्या चार अंश वर सिरप आलं की 65 झालं. म्हणजे इथे 102 ला गॅस बंद. थर्मामीटर एखादा अंश चुकीचा दाखवत असला तरी या पद्धतीत फरक पडत नाही, कारण पाणीही त्याच थर्मामीटरने मोजलंय.

थर्मामीटर नसेल तर वजनकाटा घ्या, मला तर हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते. रिकाम्या कढईचं वजन आधी लिहून ठेवायचं. समजा अर्धा किलो स्ट्रॉबेरीचा रस आणि अर्धा किलो साखर, मिळून 1000 ग्रॅम. स्ट्रॉबेरीच्या रसात साखर फार नसते, 8 टक्के धरा, म्हणजे 40 ग्रॅम, आणि आपण घातलेली 500, एकूण 540. हे 540 ग्रॅम जेव्हा एकूण वजनाचे 65 टक्के होतील तेव्हा वजन असेल 830. म्हणजे 1000 चं 830 झालं की झालं, 170 ग्रॅम पाणी उडवायचंय फक्त. पसरट कढईत मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटांचं काम आहे. मधे एकदा कढई उचलून काट्यावर ठेवायची (काट्यावर जाड लाकडी पाट ठेवा, गरम कढई थेट नको, आणि त्या पाटाचं वजन वजा करायला विसरू नका), आकडा बघायचा आणि परत ठेवायची.

दोन्ही नसेल तर फ्रीजरमध्ये स्टीलची ताटली ठेवा, त्यावर एक थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा आणि ताटली तिरकी करा. थेंब सावकाश ओघळला पाहिजे आणि मागे पातळ वाट राहिली पाहिजे. बोटात धरलं तर चिकट लागलं पाहिजे पण तार यायला नको. एकतारी आली म्हणजे गुलाबजामला ठीक, सिरपला जास्त झालं. आणि हो, थेंब बघताना कढईखालचा गॅस बंद ठेवा, नाहीतर तुम्ही ताटली बघताय तोवर इकडे आटतच राहतं.

स्ट्रॉबेरीचा रंग का गेला ते सांगते. स्ट्रॉबेरीचा लाल रंग उष्णतेला फार नाजूक आहे, द्राक्षाच्या किंवा जांभळाच्या रंगापेक्षा खूपच. अर्धा-पाऊण तास मंद आचेवर शिजवलं की तो विटकरी होणारच, फळ कितीही लालबुंद असो. मंद आच म्हणजे चांगलं असं आपल्या डोक्यात बसलंय पण इथे उलट आहे, रस काढताना आच जवळजवळ नको आणि आटवताना मोठी आणि थोडा वेळ. मी करते ते असं. सुरगाणा-कळवणकडची स्ट्रॉबेरी येते, सापुतारा रस्त्याला टोपल्या घेऊन बसलेले असतात तिथे तर फारच छान मिळते. देठ काढायचे, आधी धुवायची आणि मग देठ काढायचे खरं तर, उलटं केलं तर पाणी आत शिरतं. दोन तुकडे करून डब्यात भरून रात्रभर फ्रीजरमध्ये. दुसऱ्या दिवशी हे गोठलेलं फळ मोठ्या चाळणीत घालून खाली पातेलं ठेवायचं आणि विसरून जायचं. गोठताना फळाच्या आतल्या पेशी फुटतात, त्यामुळे वितळताना रस आपोआप ठिबकतो, गॅसची गरजच नाही. किलोमागे अर्धा किलो किंवा थोडा जास्त रस मिळतो, माणकासारखा, आणि शिजवलेला वास अजिबात नसतो. चाळणीत जो गर उरतो तो दाबू नका, तो शिऱ्यात, मिल्कशेकमध्ये किंवा थोडी साखर घालून जॅमला वापरा. रसात साखर घालून आधी नुसती ढवळून विरघळवायची, मग पसरट कढईत मोठ्या आचेवर, फेस वर येईल तो झाऱ्याने काढत जायचा, आणि 830 ला बंद.

लिंबू कधी घालायचं? अर्धा किलो साखरेला एक मध्यम लिंबू, आणि ते उकळी यायच्या वेळीच घाला, शेवटी नको. लोक चवीपुरतं म्हणून शेवटी पिळतात, पण त्याचं मुख्य काम वेगळं आहे. आंबटपणा आणि उष्णता मिळून साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो, आणि या दोन्ही असल्या की साखरेचे खडे जमायला अडथळा येतो. हलवाई पाकात लिंबू टाकतात ते याचसाठी. शिवाय रंग. काळ्या द्राक्षाच्या किंवा जांभळाच्या रसात लिंबू पिळताना नीट बघा, जिथे थेंब पडतो तिथे जांभळट करडा रस झटकन लाल होतो आणि तो लाल पट्टा ढवळताना सगळीकडे पसरतो, डोळ्यासमोर. आंबट वातावरणात हा रंग लाल आणि पक्का राहतो. म्हणूनच सोड्याचा हात लागलेलं भांडं किंवा सोड्याच्या पाण्यात धुऊन नीट न खळबळलेलं फळ वापरू नका, रंग निळसर मळका होतो. लिंबाऐवजी सायट्रिक अॅसिड घेतलं तर अर्धा किलोला पाव चमचा पुरतं.

कढईच्या कडेला साखरेचे कण चिकटलेले राहिले की तेच पुढे बाटलीत खड्यांचं बी होतात. उकळी आली की दोन मिनिटं झाकण ठेवा, वाफेने कडा धुतल्या जातात, आणि बाटलीत ओतताना कडा खरवडून घालू नका. आधीच्या बाटलीत खडे बसले असतील तर फेकू नका, सगळं सिरप खड्यांसकट कढईत काढून त्यात दोन-तीन चमचे पाणी आणि थोडं लिंबू घालून एक उकळी द्या, ठीक होईल.

आता द्राक्षं, यावर मी जरा सविस्तर लिहिणार कारण नाशिकमध्ये राहून द्राक्षाचं सिरप करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. मार्च आला की पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडून सुटे मणी यायला लागतात, घड साफ करताना निघालेले, घडांच्या मानाने अगदी स्वस्त आणि चवीला तेच. खायला घड बघा, सिरपला मणी घ्या. फक्त ताजे हवेत, तळाचे फुटलेले आणि आंबूस वासाचे नकोत, पिशवीत हात घालून खालचे बघून घ्यायचे.

कोणती घ्यायची? हिरवी थॉमसन गोड असते पण तिचं सिरप फिकट तपकिरी होतं, चव मधाच्या बाजूला जाते, ते वाईट नाही पण मुलांना रंग हवा असतो. काळी घ्या, शरद सीडलेस किंवा जंबो. आणि कुठे बेंगलोर ब्लू मिळाली, बियांची, जाड सालीची, जिला तो जुना काळ्या द्राक्षाचा वास असतो, तर तिच्यासारखं सिरप कशाचंच होत नाही. मण्यावर जी पांढरट भुकटीसारखी झाक असते ती फळाची स्वतःची नैसर्गिक मेणाची असते, ती सगळी औषधंच आहेत असं नाही, पण फवारणी होते हे खरं आहे म्हणून मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून मग दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा.

काळ्या द्राक्षाचा रंग गरात नसतो, सालीत असतो. मिक्सरमधून काढून गाळलं तर रस फिका गुलाबी येतो आणि बी असेल तर भरडून कडवट होतो. म्हणून जाड बुडाच्या पातेल्यात मणी घालायचे, खाली लागू नये इतकंच पाणी, अगदी अर्धी वाटी, आणि झाकण ठेवून मंद गॅस. मणी फुटायला लागले की पावभाजीच्या मॅशरने हलकं दाबायचं. उकळू द्यायचं नाही, 60-65 अंशांवर, म्हणजे चमच्यातला रस बोटाला चटका देईल पण बुडबुडे येणार नाहीत अशा आचेवर पंधरा-वीस मिनिटं. सालीतला रंग उतरलेला दिसतो, साल फिकी होते आणि रस गडद. मग ओल्या सुती कापडातून गाळायचं, कापड पिळायचं नाही, टांगून ठेवा आणि दुसरं काम करा. पिळलं की गाळ उतरतो आणि सिरप कायम ढगाळ राहतं.

आणि आता महत्त्वाचं, हा रस लगेच आटवू नका. झाकून फ्रीजमध्ये एक रात्र, जमलं तर दोन रात्री ठेवा. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं आणि गारठ्यात त्याचे क्षार खडे होऊन तळाशी बसतात, काचेच्या बारीक चुऱ्यासारखे दिसतात. वाइनरीवाले सुद्धा वाइन थंड करून हेच बसवून घेतात. रस तसाच आटवला तर ते नंतर बाटलीत बसतात आणि घरचे घाबरतात की काच गेली की काय. ते खाण्यात गेलं तर अपाय काही नाही पण दाताखाली कचकच होतं. फ्रीजमधून काढल्यावर भांडं न हलवता वरचा रस अलगद ओतून घ्यायचा, तळाचा दोन बोटं सोडून द्यायचा.

द्राक्षाचा रस स्वतःच गोड, 18-20 टक्के साखर त्यातच असते, म्हणून किलोभर रसाला 700 ग्रॅम साखर पुरे, दोन लिंबं, आणि मिळून झालेलं 1700 ग्रॅम वजन 1350 पर्यंत आणायचं. याचा रंग स्ट्रॉबेरीपेक्षा दमदार असतो, टिकतो.

साखर अजिबात नको असेल तर नुसता रस आटवून द्राक्षाची काकवी होते. किलोभर रसाचे जेमतेम पावणेतीनशे ग्रॅम निघतात, म्हणून हे मण्यांचंच परवडतं. तुर्कस्तानात हा घरोघरचा पदार्थ आहे, पेकमेझ म्हणतात, तिथे रसाचा आंबटपणा मारायला त्यात चुनखडीची पांढरी माती घालून निवळून घेतात. आपली पूर्ण पिकलेली सीडलेस पुरेशी गोड असते, त्यामुळे तसं काही लागत नाही, पण अर्धवट पिकलेल्या द्राक्षांची केली तर दात आंबतील इतकी आंबट होईल कारण साखरेबरोबर आम्लही आटतं. या काकवीत करपूस गोड चव येते, नागलीच्या धिरड्यावर तिची बरोबरी दुसरं काही करत नाही. फक्त हिच्यात साखर घातलेली नाही म्हणजे ही डायबेटिसवाल्यांना चालेल असं समजू नका, द्राक्षाची का होईना साखर 65 टक्केच आहे.

करवंद का थिजलं? करवंदात पेक्टिन, म्हणजे फळाचा रस थिजवणारा घटक, भरपूर असतं, पेरूसारखंच, म्हणून त्याची जेली उत्तम होते. पेक्टिन, आम्ल आणि 65 टक्के साखर हे तिन्ही एकत्र आले की जेली होणारच, आणि तुम्ही फळ कुस्करून, कापड पिळून आणि वर भरपूर आटवून तिन्हीची सोय केलीत. त्र्यंबक, हरसूलकडच्या बायका मे महिन्यात करवंदं घेऊन बसतात त्यातली पूर्ण काळी निवडा, लालसर आणि कच्च्यात पेक्टिन जास्त. चीक जायला मिठाच्या पाण्यात अर्धा तास. मग बुडेल एवढं पाणी घालून नरम होईपर्यंत शिजवा, दहा मिनिटं, कुस्करायचं नाही, रस ठिबकू द्या. रसाच्या वजनाइतकी साखर, लिंबू नको, त्याचं स्वतःचं आम्ल पुष्कळ आहे. आणि इथे चार अंश वर नाही, तीन अंश वर थांबायचं, म्हणजे 60 टक्क्यांच्या आसपास. टिकायला थोडं कमी पण वाहतं राहतं, फ्रीजमध्ये ठेवा. मला स्वतःला करवंदाचा आणि द्राक्षाचा रस अर्धा-अर्धा आवडतो पण दोन्हीचे सीझन जुळत नाहीत, त्यासाठी एप्रिलमध्ये द्राक्षाचा रस फ्रीजरमध्ये ठेवून द्यावा लागतो. थिजलेल्या जुन्या सिरपमध्ये थोडं थोडं कढत पाणी घालून मंद आचेवर ढवळलं तर परत ओतण्याजोगं होईल. जांभळाचं सिरपही करवंदाच्याच रीतीने करायचं, फक्त लिंबू लागतं आणि बियांना चिकटलेला गर चाळणीवर हाताने चोळून काढावा लागतो.

डाळिंबाचं करायचं असेल तर सटाणा-मालेगावकडचं भगवा जातीचं घ्या, पांढरा पापुद्रा एकही जाऊ देऊ नका आणि दाणे मिक्सरमध्ये फिरवू नका, जाड पिशवीत घालून लाटण्याने दाबून रस काढा. आंब्याचं मी करत नाही, गर आटवला की आमरसाचा सुवास जातो, त्यापेक्षा रसच खावा.

गूळ चालतो पण कशाला घालायचा ते ठरवून. करवंद, जांभूळ, चिंच यांना गूळ शोभतो. स्ट्रॉबेरी आणि डाळिंबात घातला तर रंग आणि वास दोन्ही गुळाचेच राहतात. आणि गुळात आधीच मोडलेली साखर असते त्यामुळे खडे होत नाहीत, पण ओल धरतो, माती-कचरा असतो, म्हणून आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या आणि हे सिरप पंधरा दिवसांत संपवा.

भांडं जाड बुडाचं स्टीलचं आणि पसरट, उंच पातेलं नको, त्यात वाफ निघायला वेळ लागतो. भांडी बाजारातली तांब्या-पितळेची भांडी कितीही मोहात पाडत असली तरी आंबट फळाला बिनकल्हईची अजिबात नको, लोखंडी कढई पण नको, रंग काळपट होतो आणि तोंडाला लोखंडाची चव येते. साधं अॅल्युमिनियम पण नको.

बाटल्या काचेच्या, लहान, 200 मिलीच्या. मोठी बाटली रोज उघडली की रोज आत ओल आणि हवा जाते. बाटल्या गार पाण्यात ठेवून मग पाणी तापवायचं आणि दहा मिनिटं उकळवायच्या, उलट्या करून कोरड्या करायच्या. सिरप 85 अंशांच्या वर असतानाच गरम बाटलीत भरायचं, झाकण घट्ट, आणि दोन मिनिटं बाटली आडवी ठेवायची म्हणजे झाकणही आतून गरम होतं. रंग उजेडाने पण उडतो, त्यामुळे ओट्यावर शोभेला मांडू नका. असं 65 चं, लिंबू घातलेलं, न उघडलेलं सिरप फ्रीजमध्ये दोन-तीन महिने छान राहतं, उघडलं की महिनाभरात संपवा. बुडबुडे दिसले, झाकण उघडताना फस्स झालं, आंबूस वास आला किंवा वर बुरशीचा ठिपका दिसला की अख्खी बाटली टाकायची, वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

प्रिझर्वेटिव्ह घरच्यासाठी लागत नाही. बाहेर ठेवायचं किंवा कुणाला गावाला पाठवायचं असेल तरच. लाल-जांभळ्या फळांना सोडियम बेंझोएट, किलोमागे 0.7 ग्रॅमच्या वर नाही, चमचाभर कोमट पाण्यात विरघळवून गॅस बंद केल्यावर घालायचं. केएमएस म्हणून जे मिळतं, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ते या फळांना घालू नका, ते रंग उडवतं, आणि दमा असलेल्यांना त्रास होऊ शकतो. बारीक वजनाचा काटा नसेल तर दोन्हीच्या वाटेला जाऊ नका, अंदाजाने घालायची ही वस्तू नाही.

वापरायचं कशावर, तर पॅनकेकवर आहेच, पण गव्हाच्या किंवा नागलीच्या धिरड्यावर, घावनावर, गोड अप्प्यांवर, फ्रेंच टोस्टवर, दह्यावर आणि भिजवलेल्या ओट्सवर. धिरड्यावर ओतायचं असेल तर बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात उभी करा, फ्रीजमधलं गार सिरप गरम धिरड्याला लगेच गार करतं आणि नीट मुरत नाही. आधी लोण्याचा किंवा तुपाचा हात, मग सिरप, म्हणजे धिरडं भिजून लगदा होत नाही. कढत दुधात किंवा दुधातल्या दलियात थेट घालू नका, आंबट आहे, दूध फाटतं, दलिया कोमट होऊ द्या. आणि मुलांना एका वेळी दोन चमचे पुष्कळ झाले, घरचं असलं तरी आहे साखरच, आपण फक्त त्यात फळ खरं घातलंय.

तुम्ही आता द्राक्षापासूनच सुरुवात करा, स्ट्रॉबेरी संपत आलीये आणि जी मिळते ती पाणचट आहे. दोन किलो काळे मणी आणा, त्याचा सव्वा किलोच्या आसपास रस निघेल, तळाचा सोडून किलोभर हाती येईल, आणि त्याच्या 200 मिलीच्या पाच बाटल्या होतील. शनिवारी संध्याकाळी रस काढून फ्रीजमध्ये ठेवलात तर सोमवारी संध्याकाळी आटवायला घेता येईल. पहिल्या वेळी कढईचं वजन, सुरुवातीचं वजन आणि गॅस बंद केला तेव्हाचं वजन हे तिन्ही आकडे बाटलीवर चिकटवून ठेवा, तारखेसकट. बाटली उघडल्यावर पातळ किंवा दाट वाटलं तर पुढच्या वेळी शेवटचा आकडा 20-30 ग्रॅमने वरखाली करायचा. आणि काही अडलं तर ते आकडे घालूनच विचारा, नुसतं 'दाट झालं' म्हणालात तर मला सांगता येणार नाही.